कुलूप, किल्ली आणि प्रकाश

वासरू ढुशी देते आणि गाईला पान्हा फुटतो. हा पान्हा फोडणारे द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसीन. मेंदूच्या तळाशी ते तयार होते व पोष ग्रंथीतून रक्तात उतरते. या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवून दिले. अवघ्या नऊ ॲमिनो अम्लांची ही साखळी. व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी ती १९५३ साली प्रयोगशाळेत घडविली आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. प्रसूतीच्या कळा वाढाव्यात म्हणून सलाइनमधून देतात ते हेच द्रव्य.

येथवर कोडे असे काही नाही. पण हेच संप्रेरक मेंदूच्या आतही स्रवते, आणि तेथील पेशींवर त्याचे ग्राही असतात. ग्राही म्हणजे कुलूप व संप्रेरक म्हणजे किल्ली, असे समजावे. ते कुलूप उघडल्यावर मनात नेमके काय घडते? वृत्तपत्रांनी घाईने उत्तर देऊन टाकले: ‘प्रेमाचे संप्रेरक’! आम्हांला हे नाव मुळीच पसंत नाही. त्या नावाने आशा मात्र फार वाढविल्या. स्वमग्न मुलांच्या नाकात ऑक्सिटोसीन फवारले तर ती इतरांत मिसळू लागतील, असे अनेकांना वाटले. अमेरिकेत २९० मुलांवर २४ आठवडे चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२१ साली आला: नुसत्या फवाऱ्याहून औषधाचा फवारा सरस ठरला नाही. ज्या आईबापांनी त्यावर भिस्त ठेवली होती, त्यांना काय वाटले असेल?

गोंधळ येथेच थांबत नाही. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो. ग्राही औषधाने रोखला तर जोडी जमत नाही, असे पूर्वीच्या प्रयोगांत दिसले होते. पण २०२३ साली ज्यांच्यात हा ग्राही जन्मतःच नाही असे व्होल तयार केले, तेव्हा त्यांनीही जोड्या जमविल्या! जन्मापासून एक वाट बंद असेल तर वाढता मेंदू दुसरी शोधत असेल, हे शक्य आहे. उलट औषध आजूबाजूला पसरते. शिवाय व्हॅसोप्रेसीन हे ऑक्सिटोसीनचे सख्खे भावंड. दोहोंत फरक दोनच अम्लांचा. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपात थोडीफार चालते. तेव्हा ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन प्रश्न हाताशी घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी प्रकाश. संप्रेरकाच्या रेणूवर एक रासायनिक टोपी चढवितात. मग ती किल्ली कुलपात बसतच नाही. जंबुपार प्रकाशाचा झोत टाकताच टोपी तुटते, आणि झोत पडला तेवढ्याच जागी, त्याच क्षणी किल्ली मोकळी होते. १९७८ साली ही युक्ती एटीपी या रेणूवर यशस्वी झाली होती. ऑक्सिटोसीनचीही अशी बंदिस्त रूपे आता तयार झाली आहेत. टोपी एकदा तुटली की परत चढत नाही, हा तिचा दोष. म्हणून काही रसायनज्ञ ॲझोबेंझीनकडे वळले. कापडाच्या रंगांतील हे ओळखीचे कुटुंब. या रेणूची सरळ काडी जंबुपार प्रकाशात वाकते आणि निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होते. १९३७ साली हार्टली यांनी तिचे वाकलेले रूप प्रथम दाखविले. ती औषधात जोडली की एका रंगाने औषध चालू, दुसऱ्याने बंद.

कोणी विचारील, पेशीच प्रकाशाने उत्तेजित करण्याची विद्या आहे, मग हा खटाटोप कशाला? कारण एक पेशी एकाच वेळी दोन-तीन द्रव्ये सोडते. पेशी जागी केली तर परिणाम कोणाचा, ते कळत नाही. रेणू मोकळा केला तर कळते.

अडचणी आहेतच. जंबुपार प्रकाश पेशींना अपाय करू शकतो आणि मेंदूच्या ऊतकात फार खोल जात नाही, म्हणून खोलवरच्या प्रयोगात केसासारखा काचतंतू मेंदूत घालावा लागतो. तेव्हा ही साधने औषधाच्या दुकानात शोधू नयेत. उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्यांवर आणि जिवंत उंदरांत ती वापरून, कोणत्या कोपऱ्यातील ग्राही कोणत्या घटकेला काय करतो याचा नकाशा तयार करावयाचा आहे. पुढचा फवारा कोणाला द्यावा, कधी द्यावा, की देऊच नये, हे त्या नकाशावरून ठरेल.