काच आणि भट्टी (लेखांक ७) : किनाऱ्याची रेघ

भट्टीत समुद्र करायला बसलेला नवखा माणूस आधी निळ्या काचा जमवतो. माझ्या मते निळाई हा या कामातला सोपा भाग. समुद्र ओळखू येतो तो काठावर, पाणी वाळूला भिडतं तिथे. आणि हा काठ रंगवावा लागत नाही. योग्य दोन काचा शेजारी ठेवल्या की भट्टी तो काढून देते.

फिरोजी काचेला रंग येतो तांब्यामुळे. वाळूच्या रंगाच्या काही काचांत गंधक असतं; अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ साली सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीची ‘फ्रेंच व्हॅनिला’ ही त्यातली प्रसिद्ध. दोन्ही काचा मऊ होऊन चिकटल्या की सीमेवर तांबं आणि गंधक एकत्र येतात आणि गडद तपकिरी रेघ उमटते, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर राहते तशी. काच सरळ कापली तर रेघही पट्टीने आखल्यासारखी येते. त्यापेक्षा कड वेडीवाकडी कापावी, किंवा वाळूच्या काचेवर फिरोजी काचेचा चुरा विरळ भुरभुरावा. मग कणाकणाभोवती रेघ धरते. निव्वळ कोबाल्टने रंगलेल्या निळ्या काचेत हे घडत नाही. म्हणून खोल पाण्याला कोबाल्ट, उथळ पाण्याला तांबं.

फेसासाठी पांढऱ्या काचेची पूड चहाच्या गाळणीतून चाळतात. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. ही पूड फुप्फुसात गेलेली परवडत नाही. दोन थरांमध्ये खायचा सोडा चिमूटभर टाकला तर तापल्यावर त्यातून वायू सुटतो आणि बुडबुडे काचेत अडकून राहतात. चिमूट वाढली की एखादा मोठा फुगा वरचा थर फोडून बाहेर येतो.

इथे हमखास विचारतात : किनाऱ्यावर सापडणारे, लाटांनी गुळगुळीत केलेले बाटल्यांचे तुकडे वितळवून जोडता येतील का? एकमेकांना जोडायचे असतील तर नाही. वेगवेगळ्या बाटल्यांची काच तापल्यावर वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावते आणि निवताना तितकीच आकसते. जोड भट्टीतून धड निघाला तरी आतला ताण जात नाही. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी तडा जातो. खिडकीची काच आणि कलाकामाची काच एकत्र केली तरी हीच गत. म्हणून एकमेकींशी जुळतात अशी चाचणी झालेल्या काचाच घ्यायच्या.

आता भट्टीचा क्रम. आधी सर्वांत जास्त उष्णता. तीन मिलिमीटरच्या दोन काचा एकावर एक ठेवून सुमारे ८०० ते ८१५ अंश सेल्सिअसला पूर्ण एकजीव करायच्या. सपाट समुद्र इथे तयार होतो. एकच थर ठेवला तर काच कडांनी आत ओढली जाते, कारण वितळलेली काच पृष्ठताणामुळे साधारण सहा मिलिमीटरच्या जाडीकडे झुकते. दुसऱ्या फेरीत लाटांचे उठाव सुमारे ७४० अंशांना नुसते चिकटवायचे. इथे फार रेंगाळू नये. ७०० ते ७६० अंशांच्या पट्ट्यात पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि चकाकी मरते. तिसऱ्या फेरीत, ६५० अंशांच्या आसपास, साच्यावर वाक द्यायचा. उलट क्रमाने गेलात तर वाक आणि उठाव दोन्ही वितळून सपाट होतील.

प्रत्येक फेरीनंतर ४८२ अंशांना तासभर थांबायचं (हा आकडा बुल्सआयच्या सहा मिलिमीटर काचेचा) आणि मग सावकाश निववायचं. एकाच तुकड्यात उठाव आणि सपाट भाग असतील तर सर्वांत जाड भागाचा हिशेब धरून वेळ वाढवायचा. भट्टी पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही. साच्यांची माती, त्यावरचा लेप आणि काच साच्याला का चिकटते, हे पुढच्या आठवड्यात.