नवं सस्पेन्शन, जुने दणके: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या उपनगरांत जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्यांना तोटा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली एखादी पद्मिनी मुलुंडच्या सोसायटीत कव्हराखाली उभी असते. कुणाची मारुती 800 किंवा झेन आजही बोरिवली ते अंधेरी धावते. जिप्सीवाले तर वेगळीच जमात. या सगळ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: नवे शॉकअप घातले, भारीतल्या स्प्रिंगा टाकल्या, बिल भरलं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त आदळायला लागली. मग गॅरेजपासून पार्किंगपर्यंत ठरलेली स्पष्टीकरणं कानावर येतात. त्यातली बरीचशी चुकीची आहेत.

गैरसमज: "नवीन आहे, थोडे दिवस चालवा, आपोआप सेट होईल."

नवी स्प्रिंग काही मिलिमीटर खाली बसते, हे खरं. पण स्प्रिंगचा कडकपणा त्याने कमी होत नाही. आणि दणक्यांचं कारण अनेकदा स्प्रिंगमध्ये नसतंच, ते बोल्ट आवळण्याच्या पद्धतीत असतं.

लोअर आर्मच्या किंवा पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाला जो रबरी बुश असतो, तो बेअरिंगसारखा गरागरा फिरत नाही. बोल्ट आवळला की त्याची आतली नळी पकडली जाते आणि चाक वर-खाली होताना रबर पिळलं जातं. रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत. मेकॅनिक त्याच अवस्थेत सगळे बोल्ट कचकून आवळतो. गाडी खाली उतरली की बुश पहिल्या क्षणापासून पिळलेलाच. नेहमीच्या उंचीवरही तो आर्मला खाली ढकलत राहतो, म्हणजे तुमच्या नकळत गाडीत आणखी एक स्प्रिंग बसते. गाडी थोडी उंच दिसते, बारीक खड्ड्यातही टणक लागते आणि बुश वेळेआधी फाटतो. अशी गाडी "सेट" झाली असं वाटतं, तेव्हा खरं तर रबर फाटलेलं असण्याची शक्यता जास्त.

उपाय फार खर्चाचा नाही. चाकांवर गाडीचं पूर्ण वजन असताना बोल्ट सैल करायचे, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळायचे. खड्डा असलेलं गॅरेज किंवा गाडी चाकांवरच उचलणारा अलाइनमेंटचा रॅम्प यासाठी सोयीचा. नंतर अलाइनमेंटही तिथेच करून घ्यावं.

गैरसमज: "शॉकअप कडक निघाले, म्हणून गाडी आदळते."

सगळ्याचं खापर शॉकअपवर फोडायची आपल्याला सवय आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम तिची हालचाल आवरायचं, म्हणजे तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या हालचालीची उष्णता करायचं.

तरी शॉकअप नेहमीच निर्दोष असतो असं नाही. परतीच्या दिशेने तो फार घट्ट असेल, तर दबलेलं चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर हे हटकून होतं. गाडी दणक्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपच्या रबरावर आपटते. चालकाला वाटतं स्प्रिंग कडक आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगला हलायला जागाच, म्हणजे चाल, उरलेली नसते. ज्यांच्या शॉकअपला फिरवायची खुंटी आहे, त्यांनी ती सगळ्यात मऊ टोकापासून सुरू करावी. आपले लोक नेमकं उलट करतात.

बम्प स्टॉप लागतोय का, हे ओळखायला शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकची टाय हलकेच बांधा आणि रोजच्या रस्त्यावर फेरी मारा. टाय बम्प स्टॉपच्या रबरापर्यंत सरकली असेल, तर गाडीला चाल कमी पडते आहे. दांडा झाकलेला असला तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावं लागेल.

गैरसमज: "कॉइल कापली की गाडी फक्त खाली बसते."

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या चालू वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठातला एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते, आणि वरून चालही घटते. उंची वाढवायला वेढ्यांत जे रबर कोंबतात, त्याचाही परिणाम तसाच: तेवढा वेढा गोठतो. घटलेल्या चालीचा फटका बसतो तो गतिरोधकावर. 'इंडियन रोड्स काँग्रेस'च्या मानकात गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या गल्ल्यांत आणि सोसायट्यांत तो किती अरुंद आणि उभट असतो, हे सांगायला नको. अशा ठिकाणी चाल गमावलेली गाडी आपटणारच.

जीप, जिप्सी आणि पद्मिनीच्या मागच्या बाजूला वेगळा प्रकार. तिथे पाटे. "मजबूत करू" म्हणून एक पाटा वाढवला की रिकाम्या गाडीत माणसं उडतात, कारण तो पाटा ओझ्यासाठी असतो. आणि नुसते गंजलेले, कोरडे पाटेही पुरेसे त्रासदायक. त्यांच्यातलं घर्षण इतकं वाढतं की छोट्या खड्ड्याला पाटा हलतच नाही, धक्का थेट चॅसीला जातो. नवे पाटे घेण्याआधी जुने उघडून, साफ करून, ग्रीस लावून पाहा.

गैरसमज: "आधी गाडी मऊ होती, म्हणजे जुनी स्प्रिंग चांगली होती."

जुनी स्प्रिंग खाली बसते, पण सहसा मऊ होत नाही. मऊ वाटत होतं ते मेलेल्या शॉकअपमुळे होणारं डोलणं. त्याची सवय झाल्यावर मूळ मापाचं, व्यवस्थित बसवलेलं सस्पेन्शनही काही दिवस कडक लागतं. एवढ्यापुरतं "सवय होईल" हे बरोबर.

गैरसमज: "सिमेंटचा रस्ता गुळगुळीत, तिथे त्रास होऊच शकत नाही."

काँक्रीट रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाला सेकंदात जवळपास चार सांधे ओलांडले जातात. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची सेकंदाला चार ते आठ वेळची कंपनं सर्वाधिक जाणवतात. गाडीचं धड मूळ स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतं, म्हणून सांध्यांचे धक्के बरेचसे खालीच जिरतात. स्प्रिंग आणि शॉकअप कडक केले की ते वर पोचतात. खड्ड्यात बरी वाटणाऱ्या गाडीत सपाट रस्त्यावर कंबर का धरते, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

टायरचंही ऐका. 175/70 आर 13 टायरची भिंत 122 मिलिमीटर उंच असते, 195/50 आर 15 ची जेमतेम 97. चाक बाहेरून तेवढंच, मधली गादी मात्र एक इंचाने गेली. त्यात मायलेजसाठी हवा जास्त भरलेली. हवा थंड टायरमध्ये, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणेच भरा, आणि नव्या भागांवर पैसे घालण्याआधी हे करा.

आणि गाडी पुन्हा गॅरेजात नेलीत, तर एकच प्रश्न विचारा: आर्मचे बोल्ट शेवटी कुठे आवळले, जॅकवर की चाकांवर? "त्याने काय फरक पडतो" असं उत्तर आलं, तर गाडी दुसरीकडे न्या.