रोषाला विवेकाची जोड

दूरचित्रवाणीवरील 'रिॲलिटी शो' हा नाटक किंवा मालिका यांहून वेगळा प्रकार आहे. नाटकात पात्रे लेखकाने लिहिलेले संवाद बोलतात. येथे खरी माणसे आपल्या मनाने वागतात, असे प्रेक्षकांना सांगितले जाते. त्यामुळे पडद्यावरील भांडण हे खरे भांडण वाटते आणि पाहणाराही त्यात एका पक्षाचा होऊन जातो. अशा कार्यक्रमांवरून वारंवार वादळे उठतात. ती कशी उठतात आणि त्यांत कोणाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी २००७ सालची एक घटना उपयोगी आहे.

'बिग ब्रदर' हा कार्यक्रम १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. त्याचे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधील कादंबरीतून घेतलेले आहे. त्या कादंबरीतील सत्ता नागरिकांवर अहोरात्र पाळत ठेवते. कार्यक्रमातही काही स्पर्धक एका घरात राहतात. त्यांना वर्तमानपत्र मिळत नाही, दूरध्वनी करता येत नाही आणि कॅमेरे रात्रंदिवस त्यांचे चित्रीकरण करतात. कोणी बाहेर पडावे, हे प्रेक्षकांच्या मतांवरून ठरते. मात्र दिवसभराच्या चित्रीकरणातून थोडाच भाग निवडून मुख्य प्रसारणात दाखवला जातो. त्या निवडीत शांतपणे केलेल्या स्वयंपाकापेक्षा स्वयंपाकघरातील भांडणाला अधिक स्थान मिळते. म्हणजेच प्रेक्षक जे पाहतो ते खोटे नसले, तरी निवडलेले असते.

जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या 'चॅनल फोर' या वाहिनीवरील अशा कार्यक्रमात भारतीय अभिनेत्री शिल्पा शेट्टी सहभागी झाल्या होत्या. त्याच घरात जेड गुडी होत्या. गरीब कुटुंबात वाढलेल्या जेड यांना २००२ मध्ये याच कार्यक्रमाने प्रसिद्धी मिळवून दिली होती. एका क्षुल्लक कारणावरून झालेल्या भांडणात जेड यांनी शिल्पा यांना अपशब्द वापरले. पुढे त्यांच्या नावाला 'पापड' असा शब्द जोडून त्यांची हेटाळणी केली. दुसऱ्या एका स्पर्धक स्त्रीने त्यांच्या इंग्रजी उच्चारांना नावे ठेवली व त्यांनी मायदेशी परत जावे, असे म्हटले.

हे वर्तन निंद्य होते, यात शंका नाही. परदेशात राहणाऱ्या अनेक भारतीयांना त्यात स्वतःला सोसावा लागलेला अपमान दिसला. ब्रिटनमधील प्रसारण नियामक संस्था 'ऑफकॉम' हिच्याकडे सुमारे ४४,५०० तक्रारी आल्या. ब्रिटिश संसदेत पंतप्रधानांना याविषयी प्रश्न विचारला गेला. त्याच वेळी भारताच्या दौऱ्यावर असलेले अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनाही या विषयावर उत्तरे द्यावी लागली. पाटणा येथे कार्यक्रमाच्या निर्मात्यांचे पुतळे जाळण्यात आले. वृत्तवाहिन्या तीच काही क्षणांची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवत होत्या. मूळ कार्यक्रमाचा एकही पूर्ण भाग न पाहिलेल्या असंख्य लोकांनी त्या दृश्यांवरूनच आपले मत बनवले.

येथे एका साखळीकडे लक्ष द्यायला हवे. भांडणाची बातमी होते, बातमीमुळे रोष वाढतो, रोषावर नेते बोलतात, नेत्यांच्या बोलण्याची पुन्हा बातमी होते आणि या सर्वांमुळे कार्यक्रमाचा प्रेक्षक वाढतो. म्हणजे ज्या वाहिनीवर राग असतो, तिलाच त्या रागाचा लाभ होतो. या प्रकरणात प्रायोजक कंपनीने आपले प्रायोजकत्व स्थगित केले. तरीही कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या वाढली.

रोषाचा सर्वाधिक भार मात्र एका व्यक्तीवर पडला. जेड यांना सुमारे ८२ टक्के मतांनी घराबाहेर काढण्यात आले. एरवी बाहेर पडणाऱ्या स्पर्धकाच्या स्वागताला गर्दी असे. या वेळी लोकांना येऊ दिले गेले नाही. त्यांच्या नावाचे अत्तर एका दुकानसाखळीने विक्रीतून काढून टाकले. जेड यांनी जाहीर क्षमा मागितली. शिल्पा शेट्टी ६३ टक्के मते मिळवून विजयी झाल्या आणि त्यांनी क्षमाही केली. पण लोकांचा राग लवकर शमला नाही.

याउलट नियामक संस्थेचे काम शांतपणे चालले. तिने तक्रारींची छाननी केली आणि मे २००७ मध्ये निर्णय दिला. आक्षेपार्ह प्रसंग योग्य रीतीने न हाताळता प्रसारित केल्याबद्दल तिने वाहिनीला दोषी ठरवले व हा निष्कर्ष वाहिनीवरूनच प्रसारित करण्यास भाग पाडले. जमावाने एका स्त्रीला लक्ष्य केले होते. चौकशीने काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या वाहिनीची जबाबदारी निश्चित केली.

ऑगस्ट २००८ मध्ये जेड भारतातील 'बिग बॉस' या कार्यक्रमात आल्या. तेव्हा सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी होत्या. तेथेच जेड यांना आपल्याला कर्करोग झाल्याचे कळले व त्या मायदेशी परतल्या. २२ मार्च २००९ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजाराच्या बातम्यांमुळे इंग्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीयरीत्या वाढली. ज्या माध्यमांनी रोष पसरवला, त्याच माध्यमांतून ही जागृतीही झाली.

अन्याय दिसल्यावर गप्प बसावे, असा याचा अर्थ नव्हे. आलेल्या तक्रारींमुळेच चौकशी झाली, हे विसरता येणार नाही. परंतु तक्रार करणे वेगळे आणि पुतळे जाळणे वेगळे. प्रसंग पूर्ण पाहिला आहे का, दोष बोलणाऱ्याचा किती व दाखवणाऱ्याचा किती आणि दाद कोणाकडे मागावी, हे तीन प्रश्न जाणत्या प्रेक्षकाने आधी स्वतःला विचारावेत. त्यानंतर व्यक्त झालेला राग माणसाला चिरडत नाही. तो चूक दुरुस्त करण्याच्या कामी येतो.