तिऱ्हाइताने दंड का करावा?

रेल्वेच्या तिकीटखिडकीपुढे रांग लागलेली असते. मधेच कोणीतरी बाजूने येऊन खिडकीत हात घालतो. मागे उभे असलेले लोक रागावले तर त्यात नवल नाही. त्यांचा वेळ जातो. परंतु ज्याच्या हाती तिकीट पडलेले आहे असा एखादा गृहस्थ, गाडीची वेळ होत आली असतानाही, मागे वळतो आणि त्या घुसखोराची हजेरी घेतो. वेळप्रसंगी दोन शिव्याही खातो. अशा माणसाला आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा म्हणतो. पण या भाकऱ्या जगात सर्वत्र भाजल्या जातात, आणि त्या का भाजल्या जाव्यात हे समाजशास्त्रातले एक अवघड कोडे आहे.

झुरिच येथील अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर या दोघा संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. तिघांचा एक खेळ. पहिल्याला 100 गुण दिले, दुसऱ्याला काहीच नाही. गुणांचे शेवटी पैसे मिळावयाचे. पहिल्याने वाटल्यास दुसऱ्याला वाटा द्यावा, न वाटल्यास देऊ नये. तिसरा तिऱ्हाईत, त्याच्यापाशी स्वतःचे 50 गुण. वाटणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मात्र त्याने आपला एक गुण खर्ची घातला की पहिल्याचे तीन गुण कापले जात. कोणी कोणाला ओळखत नव्हते, पुन्हा गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. निव्वळ हिशेब पाहिला तर तिऱ्हाइताने आपले 50 गुण घेऊन घरी जावे हेच शहाणपणाचे. प्रत्यक्षात जवळजवळ दोनतृतीयांश तिऱ्हाइतांनी पदरमोड करून कंजूष वाटणाऱ्याला दंड केला. आणि कंजुषी जितकी अधिक, तितका दंडही अधिक. ज्याच्यावर खुद्द अन्याय झाला त्याला दंडाचा अधिकार दिला असता त्याचा दंड याहून बराच कडक असे, हेही खरे.

2006 साली जोसेफ हेनरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांतील 15 समाजांत असेच खेळ खेळवून पाहिले. वाटणी जितकी विषम तितकी दंडाची इच्छा अधिक, हे सर्वत्र आढळले. दंडाचे प्रमाण मात्र समाजागणिक फार वेगळे. उलट चिंपांझींवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की स्वतःचे खाणे पळवणाऱ्याला ते अद्दल घडवतात, पण दुसऱ्याचे पळवले तर, तो दुसरा अगदी आप्त असला तरी, ढिम्म बसतात. तेव्हा ही खोड बहुधा माणसाची स्वतःची कमाई आहे.

तिऱ्हाइताला मग मिळते काय? पत मिळते, असे एक उत्तर आहे. येल विद्यापीठातील जिलियन जॉर्डन व सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवून दिले की दंड करणाऱ्या तिऱ्हाइतावर लोक अधिक विश्वास टाकतात, आणि व्यवहारात तो त्या विश्वासाला बहुधा जागतोही. पाहणारे डोळे असले की दंडाची हौस वाढते, असेही अन्य प्रयोगांत आढळले आहे. पण म्हणून या सगळ्याला ढोंग म्हणणे मला उतावीळपणाचे वाटते. कोणी ओळखत नसतानाही झुरिचच्या तिऱ्हाइतांनी पैसे मोडलेच होते.

इथपर्यंत हा तिऱ्हाईत मोठा सत्पुरुष दिसतो. त्याची दुसरी बाजू पाहण्यासाठी पुण्याबाहेर जावयास नको. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित पुणेकर व्याख्यानाला गेले. व्याख्यानानंतर चहा आला. तो कोणी घेतला, कोणी नुसताच पुढे ठेवून दिला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापविली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत लोकमान्य टिळक होते. आणि ज्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला ते न्यायमूर्ती रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांच्या घरी मंगलकार्याला भटजी मिळणे कठीण झाले. स्नेह्यांची कुचंबणा दूर व्हावी म्हणून रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचे सुधारक अनुयायीच हळहळले.

ज्या भटजीने दक्षिणा सोडून टिळकांकडे जाण्याचे नाकारले, त्याचे त्या चहाने काय बिघडले होते? तोही पदरमोड करणारा तिऱ्हाईतच. फरक असा की झुरिचच्या तिऱ्हाइताने स्वस्थ बसावयाचे ठरवले असते तर त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता. ग्रामण्यात मात्र जो बहिष्कार पाळीत नाही तोच बहिष्कृत होतो. रॉबर्ट बॉईड व पीटर रिचर्सन यांनी 1992 साली गणिताने हेच मांडले. दंड न करणाऱ्यालाही दंड होऊ लागला की समाजात कोणतीही रूढी टिकून राहू शकते. मग ती हिताची असो, निरुपयोगी असो, की सर्वांनाच जाचक असो. मनातून कोणालाही न पटणारी चाल पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते, हे यावरून उलगडते. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भीतीने शेजाऱ्याला भिववीत असतो.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा जो कायदा केला आणि 2017 पासून अमलात आणला, त्याचा रोख या साखळीवर आहे. जातपंचायतीच्या सांगण्यावरून किराणा नाकारणारा दुकानदार, कार्यालय न देणारा व्यवस्थापक, मयताला न जाणारा भाऊबंद यांच्यापाशी आजवर एकच सबब असे: मी दिले असते, पण मलाच वाळीत टाकतील. आता बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे पंचांना नाही म्हणू इच्छिणाऱ्या दुकानदाराच्या हाती उलट दिशेची एक सबबही आली: मी दिले नाही तर मला तुरुंगात जावे लागेल.