समुद्रदर्शनाचा बेत

आमच्या अंबाजोगाईस कोकणांतून माणसें येतात, तीं आजकालचीं नव्हेत. श्रीयोगेश्वरी ही कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. तेव्हां सह्याद्रि ओलांडून, एवढी दूरची वाट तुडवून दर्शनास येण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. देवीची कथाही याच वाटेची. ती कोकणची कन्या, परळीच्या वैजनाथाशीं तिचा विवाह ठरलेला. परंतु वऱ्हाड पोचेपर्यंत मुहूर्त टळला आणि देवी येथेंच कुमारिका राहिली, असें सांगतात. आमचें घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. गुहागर-दापोलीकडील यात्रेकरू आमच्या ओसरीवर टेकले नाहींत, असें एक वर्ष जात नाहीं. जातांना आमसुलांची पुडी आजींच्या हातीं द्यावयाची आणि “एकदां समुद्र पाहायला या हो आमच्याकडे” असें म्हणावयाचें, हा ठरलेला परिपाठ. आजी हें निमंत्रण साठ वर्षें ऐकत आल्या. आतां त्यांस ८१वें वर्ष लागलें आहे, आणि समुद्र त्यांनीं अद्यापि पाहिलेला नाहीं.

यंदाच्या दिवाळींत हें घडवून आणावयाचेंच, असें आम्हीं ठरविलें. पहिली सूचना आली ती पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंची, व ती थेट तुर्कस्तानची! अंतल्या येथील निळ्या समुद्राचीं चित्रें त्यांनीं सर्वांस दाखविलीं. आजींचें पारपत्र नाहीं, बारा माणसांचा विमानखर्च आमच्या आवांक्यांतला नाहीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांतील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर पुष्कळ भारतीय प्रवाशांनीं तिकडचे बेत रद्द केले होते, हेंही काकांनीं बजावलें. तथापि बंधूंचा एक मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता. भूमध्यसमुद्रास भरती-ओहोटी जवळजवळ नाहींच. तेथें म्हाताऱ्या माणसानें केव्हांही खुर्ची टाकून पाण्यांत पाय सोडावे. आमच्या सिंधुसागराचें तसें नाहीं. उधाणाच्या दिवसांत त्याचें पाणी पुरुषभर, कधीं त्याहूनही अधिक, चढतें आणि उतरतें.

म्हणून गुहागर ठरलें तरी दिवस ठरेना. शेवटीं भिंतीवरील पंचांगच कामास आलें. कोकणपट्टीवर एक जुना हिशेब आहे: शुद्ध वा वद्य, जी तिथि असेल तिच्या अंकास पाऊणनें गुणावें, जो आंकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. पुढील भरती साडेबारा तासांच्या आसपास, आणि दोहोंच्या मध्यें ओहोटी. नातवंडें कागद-पेन्सिल शोधीत राहिलीं. लहानपणीं पाऊणकी पाठ केलेल्या आजींनीं मात्र बसल्या जागीं उत्तर दिलें. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा!

यावरून घरांत दोन तट पडले. मुलांस त्रिपुरी पौर्णिमेचें चांदणें हवें होतें. शिवाय हेदवीची बामणघळ, जेथें खडकाच्या चिरेंत घुसलेली लाट कारंजासारखी उसळते, ती उधाणाच्या भरतींत पाहावी असें काकांचें म्हणणें. परंतु पौर्णिमेस सायंकाळीं पाणी ओसरत असतें, आणि तीच मुलांची खेळण्याची वेळ. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गांवांतल्या मुलांना पाण्याची ओढ आहे, पाण्याचें भय ठाऊक नाहीं. विहिरींत पोहावयास शिकण्याइतकें पाणी त्यांनीं पाहिलें आहे कोठें? उलट अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती; चढ-उतार कमी, ओढ कमी, आणि दुपारीं चारपासून पाणी सावकाश किनाऱ्याकडे येत असतें. आमचें मत अष्टमी ते दशमी या तीन दिवसांस पडलें, व तेंच कायम झालें. तरीही मुलांस बजावून ठेविलें आहे कीं, गुडघ्यापुढें जावयाचें नाहीं, आणि जेथें दोहों बाजूंस लाटा फुटतात पण मधली पट्टी शांत दिसते, तेथें मुळींच उतरावयाचें नाहीं; ती शांतता फसवी असते, पाणी तेथूनच आंत परततें. काका अजून थोडे रुसलेले आहेत.

तिथि ठरली तोंच नवी अडचण! वाटेंत पंढरपुरास मुक्काम करावयाचा होता. पण कार्तिकी एकादशी तोंडावर, गांव वारकऱ्यांनीं फुललेलें, बारा माणसांस जागा कोण देणार? आजी दुखावतील म्हणून आम्ही हें सांगावयास कचरत होतों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “विठोबा दरवर्षीं भेटतो रे. मला आतां तिकडेच ने.” तेव्हां बार्शी, टेंभुर्णी, अकलूजवरून कऱ्हाड, तेथें कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळ रात्र काढून दुसऱ्या दिवशीं कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण. घाटांतील वळणांसाठीं आलेपाक करून ठेवला आहे.

गुहागरास व्याडेश्वराचें देऊळ, बाजारपेठ आणि सुरूच्या बनाआडचा किनारा इतके जवळजवळ आहेत कीं आजींना मोटारींत पुन्हा बसविण्याचें काम नाहीं. उतरावयाच्या घरीं तळमजल्याची खोली आणि खुर्चीचा संडास आहे ना, हें आम्हीं फोनवर दोनदां विचारून घेतलें. वाचकांनीं हा प्रश्न संकोचामुळें टाळूं नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाची सहल यावरच अवलंबून असते. जेवणास आंबोळ्या, केळफुलाची भाजी, सोलकढी आणि उकडीचे मोदक मिळतील, असें कळलें. तें ऐकूनही आजींनीं ज्वारीच्या पिठाचा डबा बांधावयास सांगितलाच. तिकडे भातावर पोट भरत नाहीं, असें कोणा यात्रेकरणीनेंच त्यांना कधींकाळीं सांगितलें होतें म्हणे.

काल बयाणा पाठविला. आज सकाळीं आजी फडताळापुढें बसून रिकाम्या बरण्या पुसत होत्या. कशास म्हणून विचारलें, तर म्हणाल्या, एक समुद्राच्या पाण्यासाठीं आणि दुसरी आमसुलांसाठीं. आजवर आलेली प्रत्येक पुडी फुकटच आली, यंदा विकत आणायची.