कर्जासाठी घरावरून नाव काढलं, पुढे काय?

गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना बँका सहसा सगळ्या सहमालकांना सहकर्जदार व्हायला सांगतात. पत्नीचा सिबिल स्कोअर कमी असला की सल्ला मिळतो: ‘तिचा हिस्सा बक्षीसपत्राने पतीच्या नावे करा, कर्ज झालं की नाव परत घालू.’ महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. म्हणून हा मार्ग बिनधोक वाटतो.

आता मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ उघडा. कलम १२३ नुसार घराचं बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, दोन साक्षीदार हवेत. कलम १२६ नुसार ते देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीने रद्द होत नाही. म्हणजे कर्ज फिटलं तरी हिस्सा आपोआप परत येत नाही. त्यासाठी पतीने नवा दस्त करून द्यावा लागतो. तो नाही म्हणाला तर तोंडी वचनावर कोर्टात उभं राहणं फार अवघड.

मग संरक्षण कशात? दस्ताच्या मजकुरात. आयुष्यभर राहण्याचा हक्क राखूनही बक्षीस देता येतं. रेणिकुंटला राजम्मा खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने असं बक्षीसपत्र वैध ठरवलं. त्याआधी, मालकी कायम ठेवून फक्त तारणाला संमती चालेल का, हे बँकेला लेखी विचारावं.

स्त्रियांच्या मालकीवर संशोधन करणार असाल तर ‘नाव आहे/नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. नाव कधी गेलं, कुठल्या दस्ताने गेलं, हेही नोंदवा आणि शेजारी कर्जमंजुरीची तारीख लिहा. ‘स्वखुशीने दिलं’ या शब्दांमागचं कारण तिथे सापडू शकतं.