डोक्यावरून गेलेल्या होड्या

एकोणिसाव्या शतकातल्या नदीशोधनाच्या हकिकती वाचत गेले की ध्यानात येते, त्यांतल्या पुष्कळ होड्यांची खरी परीक्षा जमिनीवरच झाली. धबधबे, खळाळ, दोन नद्यांमधले माळरान, सगळीकडे होडी उचलूनच न्यावी लागे. म्हणून सुटी होणारी, घडी पडणारी, फुगवता येणारी होडी करण्याचा ध्यास शतकभर चालला. त्या काळच्या चित्रांत साहेब होडीच्या टोकाशी ऐटीत उभा असतो. तीच होडी डोक्यावर घेऊन महिनोन्‌महिने चाललेला माणूस चित्रात क्वचितच येतो.

सुरुवात मेरिवेदर लुईसपासून करू. अध्यक्ष जेफरसन यांनी त्याला मिसुरी नदीवरून थेट पॅसिफिकपर्यंत पाठवायचे ठरवले, तेव्हा 1803 साली त्याने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत स्वतःच्या कल्पनेची होडी करवून घेतली. लोखंडी सांगाडा सुट्या तुकड्यांत न्यायचा, वाटेत शिकार करून त्यावर कातडी चढवायची आणि पुढे निघायचे, असा बेत होता. कागदावर तो फार छान दिसतो. 1805 च्या जूनमध्ये तुकडी मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांपाशी पोचली. सुमारे 18 मैल सामान जमिनीवरून ओढून झाले आणि 36 फुटी सांगाडा जोडला गेला. त्यावर एल्क हरणांची 28 आणि गव्यांची 4 कातडी शिवली. घोडे अडले ते शिवणीत. शिवायच्या सुयांना धार होती, त्यामुळे पडलेली भोके वादीपेक्षा मोठी झाली. ती बुजवायला राळ हवी, आणि त्या भागात पाइनचे झाडच नाही! मग कोळशाची पूड, मेण आणि चरबी यांचे लुकण केले. 9 जुलैला होडी पाण्यात सोडली, तेव्हा ती झकास तरंगली. संध्याकाळी वादळ झाले, लुकण सुटले आणि पाणी आत शिरू लागले. लुईसने सांगाडा तिथेच पुरून टाकला आणि माणसांना झाडांची खोडे पोखरून डोंगी करायला लावले.

पुढच्याच वर्षी त्याच मोहिमेतल्या सार्जंट प्रायर आणि तिघा जणांचे घोडे यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात चोरीला गेले. त्यांनी मँडन लोकांकडे पाहिली होती तशी होडी केली: वाकवलेल्या काठ्यांचा गोल सांगाडा, वर गव्याचे कातडे. हंपीला तुंगभद्रेवर फिरणारी टोपलीसारखी होडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे रूप वेगळे सांगायला नको. अशा दोन होड्यांतून ते चौघे सुखरूप खाली आले आणि मुख्य तुकडीला मिळाले. सरकारी शस्त्रशाळेला जे साधले नाही, ते काठ्यांनी आणि कातड्याने निभावले. लुईसची हुशारी मी कमी लेखत नाही. पण मँडनांच्या गावाजवळ अख्खा हिवाळा काढूनही ही गोल होडी मोहिमेला आठवली ती घोडे गेल्यावर, याचे नवल वाटते.

उत्तर कॅनडात प्रश्न वेगळा होता. तिथे नदी उतरायची नसून ओलांडायची होती. जॉन फ्रँकलिनच्या 1819 ते 1822 च्या मोहिमेत उपाशी माणसे कॉपरमाइन नदीच्या काठी होडीविना खोळंबली, आणि त्या मोहिमेतली बरीच माणसे परत आली नाहीत. त्यामुळे 1825 च्या खेपेला तो कर्नल पॅस्ली यांच्या आराखड्याची एक होडी घेऊन गेला. ॲश लाकडाचा सांगाडा आणि वर मॅकिंटॉशचे रबरी कापड, वजन 85 पौंड, म्हणजे 38-39 किलो. जोडायला वीस मिनिटेही लागत नसत. पुढे नौदलातल्या पीटर हॅल्केटने कमालच केली. त्याची होडी अंगात घालायचा रबरी झगा होता. भात्याने हवा भरायची, वल्हे मारायचे आणि शिडाच्या जागी छत्री उघडायची. नौदलाने ती कौतुकाने पाहिली आणि बाजूला ठेवली. वापरली ती जॉन रे या डॉक्टरने. तो आर्क्टिकमध्ये तिथल्या लोकांसारखा राहायला, चालायला शिकलेला माणूस होता. त्याची होडी ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात आजही आहे.

ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स स्टर्टच्या बाबतीत मात्र हसावे की रडावे कळत नाही. 1829-30 मध्ये त्याने सिडनीहून सुटी करून गाड्यांवर आणलेली होडी मरम्बिजी नदीवर जोडली आणि मरे नदीने समुद्रापर्यंत जाऊन आला. त्या यशाच्या भरवशावर 1844 साली तो खंडाच्या मध्यभागी समुद्र असेल म्हणून होडी घेऊन निघाला. समोर आले वाळवंट. होडी वाटेतच सोडली.

आता मुंबई. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने ‘लेडी न्यासा’ ही आगबोट सुट्या भागांत आफ्रिकेत आणवली होती. शिरे नदीच्या धबधब्यांपाशी ती पुन्हा सुटी करून, रस्ता बांधून, न्यासा सरोवरात न्यायची होती. 1863 मध्ये रस्त्याचे काम सुरू असतानाच सरकारने मोहीम परत बोलावली. नदीसाठी बांधलेली ती बोट लिव्हिंग्स्टनने पावसाळ्याच्या तोंडावर झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून स्वतः मुंबईला आणली. 30 एप्रिलला निघून 13 जून 1864 ला तो बंदरात शिरला. तिच्यावर सात आफ्रिकी खलाशी होते. त्यांनी आधी समुद्र पाहिलाही नव्हता. सहा हजार पौंडांची बोट पुढच्या वर्षी मुंबईत 2,300 पौंडांना गेली, आणि ज्या बँकेत ते पैसे ठेवले तीही बुडाली. 1865 च्या मुंबईच्या मुक्कामात तो नाशिकला गेला आणि शरणपूरच्या मिशनमधले, गुलामीतून सोडवलेले नऊ आफ्रिकी तरुण त्याने पुढच्या मोहिमेसाठी निवडले.

पुढे आफ्रिकेतच मोहिमा काढणाऱ्या स्टॅन्लीने हा धडा वजनाच्या भाषेत घेतला. टेडिंग्टनच्या जेम्स मेसेंजरकडून त्याने 40 फूट लांबीची ‘लेडी ॲलिस’ करवून घेतली. तिची फळी सीडर लाकडाची, पाऊण इंचाच्या निम्मी जाड, आणि भाग पाच. झांझिबारला वजन केले तर एकेक भाग 280 पौंड, एखादा त्याहून जड! आफ्रिकेतल्या पायवाटेवर ते नेणार कोण? सुताराकडून ते कापून घ्यावे लागले, तेव्हा कुठे 1874 च्या नोव्हेंबरात काफिला हलला. त्याच होडीतून स्टॅन्लीने व्हिक्टोरिया सरोवराला फेरी घातली आणि काँगो नदी उतरला. तिचा नाखवा उलेदी याने बुडणाऱ्या अनेकांना वाचवले. स्टॅन्लीच्या पुस्तकात त्याचे नाव सापडते, कारण तो विसरता येण्यासारखा नव्हता. भाग वाहणारे बाकीचे कोण? 1877 च्या जुलैअखेर इसांगिलाच्या धबधब्यांपाशी होडी खडकांवर सोडून दिली आणि माणसे पायी बोमाला पोचली. जिच्या नावाची होडी, त्या स्टॅन्लीच्या वाग्दत्त ॲलिसचे लग्न तोवर दुसऱ्याशी होऊन गेले होते.

स्टॅन्लीच्या 1887 च्या मोहिमेतली ‘ॲडव्हान्स’ ही होडी पोलादाची होती. तिचे बारा भाग, आणि प्रत्येक सुमारे 75 पौंडांचा. एवढे सारे होऊनही इतुरीच्या जंगलात माणसे उपासमारीने इतकी खचली की ती वाटेतच ठेवावी लागली. डिसेंबरात स्टॅन्ली आल्बर्ट सरोवरावर पोचला खरा, पण होडीशिवाय काही करता येईना. तो मागे फिरला, माणसे पाठवून होडी आणवली आणि एप्रिल 1888 मध्ये पुन्हा सरोवर गाठले. होडी पुढे पाठवली, ज्याच्यासाठी मोहीम निघाली होती त्या एमिन पाशाचा ठावठिकाणा लागला, आणि 29 तारखेला तो स्वतः भेटायला आला. आला तो ‘खेदिव’ या आगबोटीतून. सॅम्युअल बेकरच्या मोहिमेने नाईलवर आणलेली ती आगबोटही सुट्या भागांतच आली होती.